आमोसचा निवाडा आणि आपली देवभीती

नेवासे म्हटले की मराठी वाचकाला ज्ञानेश्वरी आठवते. शके १२१२ मध्ये ती येथे सांगितली गेली. पण याच तालुक्यात आणखी एक ग्रंथ पिढ्यान् पिढ्या वाचला जात आहे. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशन अहमदनगरला आले आणि पुढे नेवासे तालुक्यात वडाळ्याला त्याचे ठाणे झाले. महार-मांगांच्या वस्त्यांत बायबल पोचले ते या वाटेने. तेथे ते कसे वाचले गेले, हा प्रश्न आपल्या समीक्षेने क्वचितच विचारला आहे.

न्यायाच्या दिवसावरची जी प्रवचने मी ऐकली, ती बहुधा ऐकणाऱ्याच्याच पापापाशी येऊन थांबली. दारू, भांडण, चुकलेली उपासना. धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर लिहिताना बाबासाहेबांनी नेमके यावर बोट ठेवले आहे. तुझ्या अधोगतीचे कारण तुझे पाप आहे असे माणसाला शिकविले, की त्याला त्या स्थितीत लोटणाऱ्या समाजरचनेविरुद्ध उठण्याची प्रेरणाच उरत नाही. हा आक्षेप आजही खोडून निघालेला नाही.

परंतु तो बायबलातील निवाड्याच्या वाणीला लागू पडतो काय? आमोसचे पुस्तक वाचावे. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातला हा तकोवा गावचा मेंढपाळ आणि उंबराच्या झाडांची निगा राखणारा माणूस. आपण संदेष्ट्याच्या घराण्यातले नाही, हे तो स्वतःच सांगतो. तो पाप शोधतो ते बाजारात, वेशीवरच्या न्यायसभेत आणि सावकाराच्या घरी. माप लहान केलेले, तराजू खोटा, गरीब माणूस एका जोडा-चपलेच्या मोलाने विकलेला, गहाण घेतलेली वस्त्रे अंथरून देवळात पहुडलेले भक्त. अशांचे सण आणि गाणी देवाला नकोशी झाली आहेत, असे तो बजावतो. बेथेलचा याजक अमस्या त्याला हाकलू पाहतो, कारण ते राजाचे देवालय आहे. पुजाऱ्याच्या तोंडून देवालयाची मालकी अशी उघड होते.

आमोसचा देव सार्वभौम का वाटतो, ते येथे कळते. मवाबने अदोमच्या राजाची हाडे जाळली, म्हणून मवाबला शिक्षा आहे. यात इस्राएलचे काहीच बिघडलेले नव्हते. तरीही देव तो हिशेब घेतो. कुशी लोक आणि इस्राएल त्याला सारखेच. आणि ज्यांना त्याने जवळ केले, त्यांचीच झडती अधिक कडक! मनुस्मृतीत शिवीगाळीचा दंड वर्ण पाहून ठरतो. तेथे जन्माचा मोठेपणा ही सवलत आहे, येथे देवाची जवळीक ही जबाबदारी आहे.

ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायातले विश्वरूप याच्या शेजारी ठेवून पाहावे. तेथेही अर्जुन भयाने कापतो, दोन्ही बाजूंचे वीर त्या मुखांत शिरताना पाहतो. पण कोणी कोणाला नाडले, याची चौकशी त्या दर्शनात नाही. तो आदर अफाट सामर्थ्यापुढचा आहे. आमोस मागतो तो आदर न्यायापुढचा आहे. सामर्थ्यापुढे माणूस वाकतो. न्यायापुढे त्याला उत्तर द्यावे लागते.

आमचा बौद्ध वाचक विचारील, देवच मानला नाही तर हे कशाला? त्याने हे पुस्तक विषमतेविरुद्धच्या वाङ्मयाचा दस्तऐवज म्हणून वाचावे. मात्र जो देव मानतो, त्याच्यावर या पुस्तकाचे ओझे मोठे आहे. परमेश्वराच्या दिवसाची खुशाल वाट पाहणाऱ्यांना आमोस सांगतो की तो दिवस उजेडाचा नसून अंधाराचा आहे. म्हणजे 'देव पाहून घेईल' म्हणून स्वस्थ बसण्याची सोय त्याने ठेवलेली नाही.

ज्या मंडळीत लग्न जुळविताना अजून पूर्वीची जात विचारली जाते, तिथे आमोसचा निवाडा आधी त्या मंडळीवर वाचला पाहिजे. देव सार्वभौम आहे असे म्हणायचे, आणि सोयरीक मात्र जातीच्या हुकमाने करायची, हे दोन धनी एका घरात नांदणार नाहीत. निवाड्याच्या वाणीने देवाविषयीचा आदर वाढला की नाही, हे प्रार्थनेतल्या आसवांवरून कळत नाही. पाटील, सावकार आणि जात यांची भीती किती कमी झाली, यावरून ते कळते.