कशापासून स्वतंत्र? क्लाउड-जाळ्यांच्या परिभाषेसंबंधी एक टिपण

वेब-अनुप्रयोगांसाठी क्लाउडवर जाळे आखण्याची एक रीत आता रूढ झाली आहे. एका रीजनमधील दोन-तीन झोन निवडावयाचे, प्रत्येकात सार्वजनिक व खासगी सबनेट पाडावयाचे, पुढे लोड बॅलन्सर ठेवावयाचा आणि डेटाबेसची प्रतिकृती दुसऱ्या झोनमध्ये सांभाळावयाची. एक यंत्र वा एक इमारत बंद पडल्याने सेवा खंडित होऊ नये, हा ह्या रीतीचा हेतू योग्यच होय. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप तिच्या परिभाषेवर आहे. ‘स्वतंत्र’ झोन आणि ‘खासगी’ सबनेट ही विशेषणे तेथे पूर्ण अर्थाची म्हणून वापरली जातात. वस्तुतः दोन्ही शब्द साकांक्ष आहेत. कशापासून स्वतंत्र, कोणापासून खासगी, हे सांगितल्याखेरीज त्यांचा अर्थ पुरा होत नाही.

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एसबीजी-१ ते एसबीजी-४ अशी नावे चार होती. आवार मात्र एकच होते. एसबीजी-२ जळून गेले, एसबीजी-१चा काही भाग नष्ट झाला आणि न जळलेल्या दोन केंद्रांचाही वीजपुरवठा तोडावा लागला. नावे निराळी म्हणून संकटेही निराळी, हा हिशेब येथे चुकला.

अंतर वाढविल्याने हा दोष नाहीसा होतो, असे कोणी म्हणेल. अ‍ॅमेझॉनचे झोन परस्परांपासून काही किलोमीटर दूर असतात. तरीही २० ऑक्टोबर २०२५ रोजी उत्तर व्हर्जिनियाच्या रीजनमध्ये डायनॅमोडीबी ही सेवा सुमारे तीन तास विस्कळीत झाली आणि तिच्यावर विसंबलेल्या इतर सेवाही कोलमडल्या. कोणतीही इमारत पडली नव्हती. डीएनएसच्या नोंदीत सेवेच्या नावापुढील पत्ते तेवढे पुसले गेले होते. म्हणजे नाम उरले आणि निर्देश नाहीसा झाला. विशेष हे की, ही नोंद अद्ययावत ठेवणारी यंत्रणा खबरदारी म्हणूनच तीन झोनांत तिहेरी ठेवलेली होती. तिच्यातील एक घटक मागे पडला व त्याने नव्या योजनेवर जुनी योजना चढविली. दुसऱ्याने ती कालबाह्य म्हणून पुसून टाकली. घटक परस्परांपासून स्वतंत्र होते, परंतु ते ज्या नोंदीत लिहीत होते ती एकच होती.

‘खासगी’ ह्या शब्दाचीही हीच गत आहे. खासगी सबनेटला बाहेरून थेट मार्ग नसतो, एवढाच त्याचा अर्थ. २०१९ साली उघडकीस आलेल्या कॅपिटल वन बँकेच्या प्रकरणात फायरवॉल होतीच; परंतु तिची मांडणी सदोष होती, आणि तिला दिलेल्या अधिकारांच्या बळावर साठ्यातील माहितीही वाचता येत होती. अमेरिका व कॅनडा मिळून १० कोटींहून अधिक लोकांची माहिती परक्याच्या हाती लागली. मार्ग अडविला म्हणजे अधिकारही अडविला, असे होत नाही.

ह्यावरून प्रत्येक अनुप्रयोग दोन रीजनांत उभारावा, असा निष्कर्ष काढणे बरोबर नाही. दुसरे रीजन म्हणजे वाढीव खर्च, आणि दोन प्रतींत मेळ राखण्याचा कठीण प्रश्न. परीक्षेच्या निकालाचे संकेतस्थळ तासभर बंद राहिले तर चालेल. रुग्णालयाची औषधनोंद बंद राहून चालणार नाही. परंतु ही निवड डोळसपणे व्हावयाची, तर आराखड्यात प्रत्येक विशेषणाची आकांक्षा पुरी केलेली असली पाहिजे. वीज, आवार, नामनोंद, नियंत्रणयंत्रणा आणि अधिकारपत्रे ह्यांपैकी कशापासून हा भाग स्वतंत्र आहे आणि कशापासून नाही, हे लिहावे. आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतील आकृत्यांनाही हीच कसोटी लावावी, अशी सूचना करावीशी वाटते.