रेचलचं घर उघडं कोण ठेवतं?

संग्रामपुरात बेने इस्रायलींची कादंबरी कशाला, असं कुणी विचारील. आपली पोरं पुण्या-सुरतेला जातात, दिवाळीला येतात, चार दिवस घर भरतं. मागे राहतात म्हातारी माणसं. म्हणून आज आम्ही एस्तेर डेव्हिड यांच्या ‘द बुक ऑफ रेचल’वर बोलणार आहोत. २००६ साली आलेल्या या इंग्रजी कादंबरीला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

बेने इस्रायली म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून ‘शनिवार तेली’. १९४८ मध्ये इस्रायल झालं आणि हळूहळू बहुतेक घरं तिकडे गेली. इथून त्यांना कुणी हाकललं नव्हतं. तिकडे मात्र लग्नाच्या वेळी त्यांच्या यहुदीपणावर शंका घेतली गेली. १९६४ पर्यंत झगडावं लागलं.

कादंबरीतली रेचल अलिबागजवळच्या दांड्याला एकटी राहते. मुलं इस्रायलला. ती गावातलं सिनेगॉग झाडते, दिवा लावते, आणि त्या जागेवर डोळा असणाऱ्यांशी भांडते. प्रत्येक प्रकरणाआधी एक पाककृती येते. काहींना ती सजावट वाटते. आम्हाला तसं वाटत नाही. जेवायला माणसंच नाहीत, तरी हात विसरू नयेत म्हणून रांधणारी ही बाई आहे. मलिद्याचे पोहे, नारळ, गूळ, फळं एकट्यासाठी कुणी करत नाही. त्याला चार माणसं जमावी लागतात. त्यामुळे प्रत्येक पदार्थ म्हणजे ‘कधी येताय?’ असं विचारणंच आहे.

ताटातूट झालेल्या कुटुंबांच्या गोष्टी आपण बहुधा येणाऱ्यांच्या डोळ्यांनी ऐकतो: विमान, मिठ्या, अश्रू. इथे नजर राखणाऱ्या बाईची आहे, आणि या पुस्तकाचं मोठेपण आम्हाला त्यातच दिसतं. येणाऱ्यांना परत यायला जागा उरते, कारण कुणीतरी रोज केर काढलेला असतो. त्या कामाला ना पगार, ना सत्कार.

आमची तक्रार भाषेची आहे. पदार्थांची नावं आपली, पण रेचलचं रागावणं, लाड करणं इंग्रजीत. दांड्याची म्हातारी अशी बोलेल का? गंमत बघा, तिकडे इस्रायलमध्ये याच समाजाने ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. घर सुटलं, भाषा सोबत नेली. रेचलच्या तोंडी ती पुरेशी ऐकू येत नाही, ही उणीव मोठीच.

तरी पुस्तक वाचा. वाचून झालं की आपल्या गावात कुणाकुणाच्या घराच्या किल्ल्या कुणाकडे आहेत, तेवढं विचारून या. पुढच्या वेळी त्यावर बोलू.