तितराला कोण विचारतो?

धुळ्याजवळच्या लळिंगच्या कुरणात हल्ली तितर ओरडला की आधी जवळपास मोटार उभी आहे का ते बघावं लागतं. बोरीच्या जाळीत बहुतेक वेळा मुठीएवढा स्पीकर असतो आणि दहा पावलांवर ट्रायपॉड लावून एखादा निसर्गप्रेमी. हाक संपते, पुन्हा सुरू होते, पुन्हा. आपल्या हद्दीत कोण घुसलं म्हणून खरा नर मान ताठ करून बाहेर येतो, कुणी सापडत नाही म्हणून उघड्यावर भिरभिरतो, आणि त्या फोटोला मोबाइलवर शेकड्यांनी अंगठे मिळतात. पाखराला आवाजानं बोलावण्याची खानदेशातली कला आज या थराला आली आहे.

बोलावण्याच्या साधनांचं म्हणाल तर जगात डंका अमेरिकेचा. टर्की पक्ष्यासाठी हेन्री गिब्सननं १८९७ साली लाकडी पेटीचं पेटंट घेतलं, इलिनॉयमधल्या पेकिन गावात ऑल्टनं बदकांच्या शिट्ट्यांचा कारखाना काढला, इलिनॉयमधल्याच चार्ल्स पर्ड्यूच्या हातच्या शिट्ट्या आज संग्राहक जपून ठेवतात. त्या जुन्या कारागिरांबद्दल तक्रार नाही, त्यांच्या शिट्ट्यांनी दलदलीत परीक्षा दिलेली होती. पण लेथवर फिरवून, आरशासारखं पॉलिश करून थेट काचेच्या कपाटात जाणाऱ्या आजच्या शिट्ट्या म्हणजे शोभेचं लाकूड. ही हौस आपल्याकडे अजून रुजलेली नाही. रुजली तर कुरिअरनं येईल.

माझ्या मते या कलेचं शिखर वस्तूत नाहीच. ते फासेपारध्याच्या ओठांत आणि गळ्यात आहे. ओठ, जीभ, हाताची ओंजळ, फार तर दातांत धरलेलं एखादं पान, एवढंच सामान. तितराची हाक सोपी वाटते, पण तिची सुरुवात दबक्या, तुटक आवाजानं होते आणि मग ती एकदम चढते. ही चढण जराशी घाईत घेतली तर कुरण गप्प बसतं. लावा वेगळा. पावसाळ्यात ओरडतो तो नर, आणि त्याला ओढायचं तर मादीचा बारीक, जेमतेम ऐकू येणारा आवाज काढावा लागतो. जोरात काढला तर फुकट. पहाटेची हाक वेगळी, संध्याकाळची वेगळी, भ्यालेल्या पाखराची तिसरी. पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवून त्याच्याभोवती फास मांडायचे आणि त्याला बोलतं करण्यासाठी आधी माणसानं बोलायचं, ही तर दोन गायकांची जुगलबंदीच. हाकेला उत्तर आलं की पारधी थांबतो. किती थांबायचं हे ज्याला कळलं तोच उस्ताद. ते कुठल्या यंत्रात नाही.

इथे दाद द्यायला किंवा नाक मुरडायला कुणी सभ्य श्रोता नसतो. निकाल पाखरू देतं, आणि त्याला वशिला चालत नाही. जिम कॉर्बेटनं १९३८ साली ठाकच्या नरभक्षक वाघिणीला बोलावलं तेही स्वतःच्या गळ्यातून वाघाची हाक काढून. तिथेही निकाल वाघिणीनंच दिला.

हातची कला टिकायला आधार लागतो. साक्री तालुक्याच्या पश्चिमेला पावरी हे फुंकून वाजवायचं वाद्य अजून घडवलं जातं. भोपळा, बांबू, मेण आणि टोकाला बैलाचं शिंग, सगळी जुळणी हातानं. ती टिकली कारण मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाला ती लागतेच. पारध्याच्या हाकेला असा देव मिळाला नाही. तिला कायदे मिळाले. १८७१ च्या कायद्याखाली गुन्हेगार ठरवलेल्या जमातींत पारधी होते. तो शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला, पोलीस ठाण्याच्या सवयीतून नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीच्या व्याख्येत पकडणं, फास लावणं, हाकारणं, आमिष दाखवणं आणि त्यांचा नुसता प्रयत्नही घेतला. शिकार पुन्हा सुरू व्हावी असं मी म्हणत नाही. तणमोर आणि माळढोक यांची अवस्था पाहिलेला कुणीही तसं म्हणणार नाही. पण त्याच कुरणात लंगोटीतला म्हातारा तितराची हाक काढतो तेव्हा तो संशयित, आणि जाकिटातला पाहुणा तीच हाक अर्धा तास वाजवतो तेव्हा तो पक्षिमित्र, हा न्याय कुठला? पारध्याच्या हाकेनं एक तितर जात होता. विणीच्या हंगामात फिरून फिरून वाजणाऱ्या स्पीकरनं नराची सगळी पहाट खोट्या शत्रूशी भांडण्यात जाते, आणि त्याचा पंचनामा कुणी करत नाही.

संशोधक हाका वाजवतात, असं लगेच कुणीतरी म्हणेल. वाजवतात, मोजून-मापून. त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण रानाची ओळख फक्त संशोधकांनाच असते असं नाही. रानपिंगळ्याचं उदाहरण घ्या. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना नाही. मग १९९७ साली पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि तिचे सहकारी तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात शहाद्याजवळ येतात आणि पक्षी समोर बसलेला असतो. एकशे तेरा वर्षं तो हरवला होता तो आपल्या कागदांतून. दिवसाढवळ्या फिरणारं हे घुबड सातपुड्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या भिल्लांना अनोळखी असेल, यावर माझा विश्वास नाही.

मारुती चितमपल्लींनी पारध्यांचं पक्षिज्ञान मराठीत आणलं हे मोठं काम, पण पुस्तकाला गळा नसतो. संग्रहालयांनी फास आणि जाळी टांगून ठेवली, तोंड मात्र बाहेर राहिलं. शेजारच्या विदर्भात, अकोला-वाशीममध्ये फासेपारधीच गवताळ रानं राखायला पुढे आले आहेत. मध्य प्रदेशात पन्नाला पारधी पाहुण्यांना जंगलात फिरवतात, पाखरांचे आवाज काढून दाखवतात आणि त्याचे पैसे घेतात. यावल अभयारण्यात, पालच्या रानात हे का होऊ नये? जाणत्या पारध्याला शिक्षक म्हणून पगार द्या, त्याच्या हाका त्याच्याच नावानं ध्वनिमुद्रित करा, पक्षिनिरीक्षणाचे वर्ग त्याच्या हाताखाली चालवा. आणि फाटकावर प्रत्येकाचा स्पीकर जमा करून घ्या. ज्याला तितर हवा त्यानं ओठ वळवून बोलवावा. मग बघू, एका हंगामात किती फोटो निघतात.