सेवेची किंमत कोण मोजतो?

परदेशी सेवाकार्याला गेलेला तरुण परत येऊन सांगतो, की मी द्यायला गेलो होतो, शिकून आलो. त्याच्या समजुतींना तडा गेला, हे खरे. पण हे शिक्षण कोणाच्या जिवावर झाले? २० एप्रिल १९६८ रोजी मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे इव्हान इलिच यांनी केलेले भाषण मला महत्त्वाचे वाटते ते या प्रश्नामुळे.

समोर मेक्सिकोच्या खेड्यांत सुट्टीत सेवा करायला निघालेले अमेरिकन विद्यार्थी होते. ते भाबडे नव्हते. आपल्या हेतूंतील खोट त्यांना कळली होती, हे इलिच मान्य करतात. तरीही ते निघाले होते, यालाच ते ढोंग म्हणतात. आपण यायलाच नको होते, हे स्वयंसेवकाला उशिरा उमगते, तोवर गावाचे नुकसान झालेले असते. नकळत तो स्वतःच्या मध्यमवर्गीय जगण्याचाच विक्रेता असतो. सेवाच करायची तर आपल्याच देशातील गरिबांत करा. ते तुम्हाला समजेल अशा भाषेत हाकलून तरी देतील, असे इलिच सुनावतात.

आम्हाला हे नवे नाही. १९३२ साली निघालेल्या हरिजन सेवक संघाचा कारभार अस्पृश्यांच्या हाती नव्हता. हे सवर्णांचे प्रायश्चित्त, ते त्यांनीच करावे, अशी गांधीजींची भूमिका. ज्याचे भले करायचे त्यालाच मत नाही! बाबासाहेबांनी १९४५ च्या ग्रंथात नेमके यावरच बोट ठेवले.

परंतु इलिच यांचे म्हणणे इथेच अपुरे पडते. केवळ भाषा कळून भागत नाही. आमच्या वस्तीची आणि गावाची भाषा एकच आहे. तरी वस्तीला 'चालता हो' म्हणता आले नाही, कारण मजुरी आणि पाणी गावाच्या हाती होते. शिवाय या भाषणात मेक्सिकोचा शेतकरी स्वतः कुठेच बोलत नाही. देणाऱ्यांची कानउघाडणीही देणाऱ्यांच्याच सभेत होते.

१९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे आपल्या महाविद्यालयांतूनही निघतात. शिबिरानंतर विद्यार्थ्याला 'तू काय शिकलास?' असे विचारण्याची रीत आहे. मी विचारतो, वस्तीला तुला नाही म्हणता आले असते काय? नसेल, तर ती ताकद उभी करणे हेच पहिले काम. बाकीची सेवा नंतर.