पडद्याला पावसाळा नसतो

गेल्याच्या गेल्या दिवाळीत मी बाबांच्या २०१४ सालच्या वॅगनआरमध्ये कॉम्प्युटर बसवला. रेडिओ काढून त्या खाचेत सात इंची टचस्क्रीन, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे रास्पबेरी पाय, छताजवळ जीपीएसचा अँटेना. महाडच्या घराच्या पडवीत चार दिवस हे काम चाललं होतं. बाबा तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर. चार दिवसांत त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "बॅटरी उतरणार नाही ना?" आणि "हॉर्न चालू राहील ना?"

पहिला प्रश्न माझ्या अंदाजापेक्षा शहाणा निघाला. गाडीतल्या कॉम्प्युटरचं निम्मं दुखणं विजेचं असतं. बॅटरी बारा व्होल्टची, पायला लागतात पाच, म्हणून मध्ये कन्व्हर्टर. स्टार्टर मारला की व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि कॉम्प्युटर चालू होता होता परत पहिल्यापासून चालू होतो. चावी काढली की वीज तडक जाते, आणि त्याच वेळी मेमरी कार्डवर काही लिहिणं चालू असेल तर कार्ड बिघडतं. माझी दोन कार्डं पहिल्या आठवड्यातच गेली. मग चावी काढल्यावर कॉम्प्युटरला नीट बंद व्हायला अर्धा मिनिट देणारा रिले लावला, तेव्हा कुठे गाडी शांत झाली.

स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला ब्लूटूथचा स्वस्त प्लग लावून इंजिनाशी बोलता येतं, हा त्यातला मजेचा भाग. इंजिनाचे फेरे विचारले की दोन आकडे येतात. पहिल्याला २५६ने गुणायचं, दुसरा मिळवायचा, चारने भागायचं. कूलंटचं तापमान विचारलं की एकच आकडा येतो, त्यातून चाळीस वजा करायचे. म्हणजे शून्य आलं तर उणे चाळीस अंश. महाडच्या ऑक्टोबरात, बनियन भिजलेलं असताना हे वाचून मला हसू आलं. ज्यांनी हे प्रमाण ठरवलं त्यांच्या डोळ्यांसमोर बर्फात उभी असलेली गाडी होती. तेव्हा एवढंच वाटलं. पुढे जुलैत तेच वाक्य वेगळं वाटू लागलं.

साहित्याच्या जागेत हे कशाला, असं कुणी म्हणेल. पण गाडीतला पडदा हा आज बरेच मराठी लोक रोज ऐकतात असा मजकूर आहे. तो कुणीतरी लिहिलेला असतो. त्याला शैली असते, निवेदक असतो, ज्याच्याशी बोलायचं तो श्रोता गृहीत धरलेला असतो. पुण्यात मी ज्या कंपनीत आहे तिथे अशाच पडद्यांसाठी कोड लिहितो, त्यामुळे हा मजकूर कसा जन्मतो ते जवळून पाहिलं आहे. वाक्यांची एक फाइल असते. 'अमुक मीटरवर तमुक बाजूला वळा' असे साचे, त्यांत मोकळ्या जागा. भाषांतरकाराला फाइल मिळते, रस्ता मिळत नाही.

शाळेत क्रियापदाचे चार अर्थ शिकवतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. पडद्याची भाषा यांतून वाचून पाहा. 'तुम्ही पोहोचला आहात' हा स्वार्थ. बाकी सगळा आज्ञार्थ: वळा, सरळ जा, यू-टर्न घ्या. विध्यर्थ अधूनमधून, बेल्ट लावावा वगैरे. संकेतार्थ, म्हणजे जर-तर, शोधून सापडत नाही. गंमत अशी की ही वस्तू तयार होते ती याच्या नेमकी उलट. आमच्या रिक्वायरमेंटच्या कागदात प्रत्येक वाक्य विध्यर्थी असतं, 'सिस्टिमने अमुक करावे'. त्यावरून आम्ही जो कोड लिहितो तो पानोपानी जर-तरने भरलेला असतो. इफ आणि एल्सशिवाय आमचा दिवस मावळत नाही. आणि एवढ्या जर-तरमधून निघालेलं यंत्र तोंड उघडतं तेव्हा म्हणतं, 'डावीकडे वळा'. सगळ्या शंका आत ठेवून फक्त हुकूम बाहेर.

आता महाडचा माणूस पुण्याचा रस्ता कसा सांगतो ते ऐका. "वर माझेरीला पाऊस नसला आणि उजेडी निघालात, तर वरंध्यातनं जावा. नायतर माणगाववरनं ताम्हिणी." एका दमात दोन अटी आणि एक पर्याय. पोलादपूरला महाबळेश्वरची वाट विचारा, हेच. आंबेनळी चालू हाय का, धुकं किती, गाडी कुठली, चालवणारा कोण, हे कळल्याशिवाय तिथला जाणता माणूस 'जा' म्हणत नाही. लोक गोंधळलेले असतात म्हणून असं बोलत नाहीत. इथल्या रस्त्याचं वर्णन जर-तरशिवाय खोटं ठरतं म्हणून असं बोलतात.

वरंध घाट हा काही वर्षभराचा रस्ता नाही. गेली काही वर्षं रायगड आणि पुण्याचे जिल्हाधिकारी पावसाळ्यात तो बंद ठेवण्याचे आदेश काढतात, कधी जड वाहनांना, कधी सगळ्यांनाच. २०२१च्या जुलैत आंबेनळीचा रस्ता जागोजागी तुटला, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड आली, महाड तालुक्यात तळिये गेलं. त्या आठवड्यात नकाशावरची या भागातली एकही रेघ जशीच्या तशी खरी नव्हती.

माझी फजिती गेल्या जुलैतली. रविवार, महाडात ऊन पडलेलं. माझ्या पडद्यावर दिवाळीत उतरवून घेतलेला ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा, म्हणजे नेटवर्क नसलं तरी चालणारा, त्याचा मला अभिमान. शेजारी बाबा, भोरला आत्याला पाहायला जायचं होतं, तिचं ऑपरेशन झालेलं. राजेवाडी फाट्याला बाबा म्हणाले, "इथे विचार कुणाला तरी." मी म्हणालो, पडदा दाखवतोय ना. बिरवाडी गेलं, वरंध गाव आलं, पुढे बॅरिकेड. घाट बंद. पडदा त्या बॅरिकेडसमोरही 'सरळ जा' म्हणत होता, माझ्याच निवडलेल्या आवाजात. परत फिरून माणगाव, ताम्हिणी, पुणे आणि मग भोर. आम्ही पोहोचलो तेव्हा आत्याची झोपायची वेळ झाली होती. बाबा वाटेत काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

चूक सर्वस्वी माझ्या प्रोग्रॅमची होती. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये रस्त्याला अट जोडायची सोय आहे: अमुक महिन्यांत वाहनांना बंद, असं लिहिता येतं. म्हणजे डेटात संकेतार्थ आहे. मी तो वाचलाच नव्हता. वरंध्याच्या रेघेवर कुणी ही खूण केली असती तरी माझ्या पडद्याला ती दिसली नसती. माझं मी तपासलं तेव्हा लक्षात आलं की ही सोय मला माहीत होती. पण ती मी आल्प्समधल्या खिंडींची सोय म्हणून लक्षात ठेवली होती. हिवाळ्यात बर्फाने बंद होणाऱ्या खिंडी.

इथे मला तो उणे चाळीसचा आकडा आठवला. काही युरोपीय गाड्यांत बाहेरचं तापमान चारेक अंशांच्या खाली गेलं की पडद्यावर बर्फाची चांदणी उमटते: रस्ता निसरडा असेल, जपून. हे चिन्ह म्हणजे जर-तरचं छोटंसं वाक्यच. त्या गाड्या इथेही विकल्या जातात. महाडला ती चांदणी कधीच उमटायची नाही. आणि तीन तासांत शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर उमटेल असं चिन्ह त्या पडद्यावर नाही. तेव्हा या यंत्राला ऋतूच कळत नाहीत असं म्हणणं बरोबर नाही. त्याला हिवाळा कळतो. पावसाळा कळत नाही.

याची किंमत आत्याच्या झोपेपेक्षा मोठी असू शकते. जानेवारी २०२१मध्ये अकोले तालुक्यात पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात रात्री एक मोटार गेली. पुण्याहून कळसूबाईकडे निघालेले लोक, चालवणारा दगावला. तिथला पूल वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो, एरवी रस्ता म्हणून वापरात. गावाला हे पाठ होतं. नकाशाला तो बारमाही रस्ता वाटला.

बाजू घ्यायची तर यंत्राचीही घेता येते, आणि मी पगारच त्यासाठी घेतो. चालत्या गाडीत लांब वाक्य धोक्याचं असतं. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याची २०१३ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की ड्रायव्हरची नजर एका वेळी दोन सेकंदांपेक्षा जास्त पडद्यावर जाऊ नये, आणि एक काम सगळं मिळून बारा सेकंदांत व्हावं. दोन सेकंदांत हुकूमच मावतो. वळणावर कुणी आपल्याला 'धुकं नसेल तर' असं ऐकवायला लागलं तर आपण कठडा तोडू. हे मला मान्य आहे. पण जर-तरची जागा वळणावर नाहीच. ती फाट्यावर आहे, चहाच्या टपरीवर, गाडी उभी असताना. एसटीचे ड्रायव्हर तिथेच बोलतात: समोरून आलेल्या गाडीला हात करून, खिडकीला खिडकी लावून, "वर कसाय?" बाबांचं सगळं नेव्हिगेशन या दोन शब्दांवर चाललं.

आणि काही गोष्टी रस्त्यावरच्या पावसातून कळतही नाहीत. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला. महाडात ऊन असताना वर तुफान झाला असेल, खाली बाणकोटच्या खाडीला भरती असेल, तर पाणी बाजारपेठेत येतं. म्हणून महाडात पाऊस मोजताना लोक आपल्या अंगणाकडे पाहत नाहीत, महाबळेश्वरला किती झाला ते विचारतात. दोन ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरचा १९२८चा जुना पूल गेला, दोन एसट्या आणि एक मोटार गेली. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, बाबा घरी होते. कुठलाही पडदा ती रात्र वाचवू शकला असता असं मी म्हणणार नाही. पण पूल नाही हे पहिल्यांदा कळलं ते शेजारच्या गॅरेजातल्या माणसांना, आणि खबर गेली ती त्यांच्याकडून. बाबा अजून त्या नव्या पुलावर गाडी हळू करतात. नवा पूल १६५ दिवसांत झाला, हे त्यांना सांगून उपयोग नसतो.

जुलैनंतर मी पडद्याचं वाक्य बदललं. जून ते सप्टेंबर, राजेवाडी फाट्याच्या आधी, आता हुकूम येत नाही. प्रश्न येतो: 'वर कसाय, विचारलं का?' खाली दोन बटणं. 'विचारलं', आणि 'फोन लावा'. फोन वरंधच्या एका टपरीवाल्या काकांना जातो. त्यांना विचारूनच नंबर घातला होता.

पुण्याच्या मित्रांना हे फार आवडलं. मला त्यातली खोट ऑगस्टअखेर कळली. मी तीन मित्रांना तीच सोय करून दिली होती, त्यांनी आणखी कुणाला. काकांना शनिवारी सकाळी सात-आठ फोन येऊ लागले, भजी तळताना. म्हणजे ज्या माणसाच्या जर-तरचं मी एवढं कौतुक केलं, त्याला मी बिनपगारी सर्व्हर करून ठेवलं होतं. ते चिडले नाहीत. फक्त म्हणाले, "फोन कशाला करताय? या की, थांबा, चा घ्या. मंग सांगतो." मी नंबर काढून टाकला. बटण एकच उरलं.

बाबा ते बटण दाबत नाहीत. फाटा आला की गाडी कडेला घेतात, इंजिन बंद करतात, आणि उतरून रस्ता ओलांडून विचारायला जातात. मागे रिले अर्धा मिनिट मोजतो आणि पडदा विझतो.