छातीवरचा महादेव, हातावरची तुळस

नटाचे टॅटू हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असं कुणाला वाटलं असेल, तर त्यांना एवढंच सांगू की हा विषय महाड-पोलादपूरचाच आहे. कसा ते बघू.

अभिनेते अजय देवगण यांच्या छातीवर शंकराचा टॅटू आहे. २०१६ साली त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या ‘शिवाय’मधला नायकही अंगावर शंकर गोंदवलेला. पुढे जानेवारी २०२० मध्ये ओम राऊत यांचा ‘तान्हाजी’ आला आणि हेच नट तानाजी मालुसरे झाले. तानाजींचं उमरठ आपल्या पोलादपूर तालुक्यात. ४ फेब्रुवारी १६७० रोजी ते कोंढाण्यावर पडले. त्यांचा देह ज्या घाटानं खाली उमरठला आणला, तो मढे घाट, असं आपल्याकडे सांगतात.

आता या टॅटूचा अर्थ काय? ठरलेलं उत्तर असं की शंकर म्हणजे शक्ती आणि नट शिवभक्त. खोटं नाही ते. पण हा झाला चित्राचा अर्थ. आमचं म्हणणं असं की खुणेचा अर्थ नुसत्या चित्रात नसतो. ती कुणाच्या मर्जीनं अंगावर आली आणि बघणारा तिच्यावरून काय ठरवतो, यात तो असतो.

नटाचंच घ्या. पगडी, तलवार, अंगरखा संध्याकाळी उतरतो. टॅटू उतरत नाही, कारण तो भूमिकेचा नाही, माणसाचा आहे. पण नट मोठा झाला की प्रेक्षक हा फरक विसरतो. मावळ्यांची ‘हर हर महादेव’ ऐकताना त्याला नटाची भक्ती आधीच ठाऊक असते. ‘शंकरा रे शंकरा’ या गाण्यात तर कोण कुणाचा देव आळवतोय, तेच कळेनासं होतं. या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मेहनतही दिसते. तरी आमची तक्रार आहे. उमरठचा माणूस नटाच्या छातीमागे झाकला जातो.

दुसरी बाजू आपल्या घरात आहे. आजीच्या हातावरची तुळस, कपाळावरचं टिंब आठवा. सोनं मागे राहतं, गोंदण तेवढं सोबत येतं, असं त्या म्हणायच्या. त्यात माया होती, हौस होती. पण लहान पोरीचा हात धरून बसवायचे तेव्हा तिला कुणी विचारत नव्हतं.

आणि अंगावरच्या खुणांचा सगळ्यात मोठा विचार कुठे झाला? याच महाडात. डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृतीचं दहन झालं, त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. लुगडं नेसायची पद्धत बदला, ज्यांवरून अस्पृश्य म्हणून ओळखलं जातं ते दागिने टाका, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी ते ऐकलंही. खूण म्हणजे नुसती शोभा नव्हे, दुसऱ्यानं आपल्याला जोखायची ती सोय असते, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिलं. लुगडं बदलता येतं, दागिना काढून ठेवता येतो. गोंदणाचं तसं नाही.

आज पोरं आपणहून मनगटावर ‘जय भीम’ गोंदवतात, कुणी दंडावर राजमुद्रा. ओळख लपवायची नाही, दाखवायची, हा त्यांचा निर्णय आहे. मात्र ती बघून कोण जवळ येतं आणि कोण खोली नाकारतं, हे त्यांच्या हातात नाही. नटाला ही भीती नाही. त्याची खूण बघून टाळ्याच पडतात.

म्हणून नटाचा टॅटू दिसला की ‘याचा अर्थ काय’ याच्या आधी आपण दोन गोष्टी विचारू. याला नको म्हणता आलं असतं का? आणि या खुणेची किंमत कोण मोजतं? नटाला नको म्हणता आलं असतं. आजीला नाही.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ.