दगडाची साक्ष आणि दगडाचा भार

समाधीवरील लेखाविषयी आपण पुष्कळ बोलतो. नाव शुद्ध कोरले आहे काय, निवडलेले वचन दिवंगताच्या आयुष्याला शोभते काय, स्तुती अतिशयोक्त तर झाली नाही ना, हे प्रश्न रसिक मनाला सहज सुचतात. समाधीच्या पायाची समीक्षा मात्र कोणी करीत नाही. वास्तविक स्मारक म्हणजे लेख आणि दगड मिळून झालेली एकच कृती होय. जिचे शब्द शांतीची ग्वाही देतात आणि जिचा दगड शेजारून जाणाऱ्या बालकाच्या अंगावर कोसळू शकतो, ती कृती कितीही देखणी असली तरी सदोषच म्हटली पाहिजे. म्हणून या लेखात आम्ही स्मारकाचे वाचन पायाकडून वर करणार आहोत.

या विषयाची चर्चा सर्वाधिक झाली ती ब्रिटनमध्ये. २००० साली इंग्लंडमधील हॅरोगेट येथील दफनभूमीत समाधीचा दगड अंगावर पडून सहा वर्षांचा मुलगा मृत्युमुखी पडला. त्यानंतर ठिकठिकाणच्या स्थानिक संस्थांनी आपल्या ताब्यातील समाध्यांची परीक्षा आरंभिली. प्रथम डोळ्यांनी पाहणी, मग बाजूला उभे राहून हाताने हलकासा दाब आणि काही ठिकाणी ठरावीक जोर लावणारे यंत्र, असे तिचे स्वरूप होते. हेतू निर्दोष होता. रीत तशी राहिली नाही. पुष्कळ दगड सरसकट आडवे करण्यात आले, काहींना खुंट ठोकून पट्टे आवळण्यात आले, आणि कित्येक कुटुंबांना ही गोष्ट फुले घेऊन कबरीवर गेल्यावरच कळली. तक्रारी इतक्या झाल्या की २००६ साली स्थानिक प्रशासनाच्या लोकपालांना या प्रश्नावर स्वतंत्र अहवाल काढावा लागला. २००९ साली न्यायमंत्रालयाने मार्गदर्शिका प्रसिद्ध करून धोक्याच्या प्रमाणातच उपाय योजावा, असे सुचविले. तथापि २०१५ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे आठ वर्षांचा मुलगा अशाच रीतीने दगावला, आणि २०१९ साली तेथील शासनाने नवी मार्गदर्शक सूचना काढली.

या इतिहासाचे तात्पर्य आमच्या मते असे, की उपेक्षा आणि अतिरेक ही एकाच दोषाची दोन रूपे आहेत. उपेक्षा करणाऱ्याला दगडाजवळ खेळणारे मूल दिसत नाही. अतिरेक करणाऱ्याला दगडामागचे कुटुंब दिसत नाही. दोघेही केवळ दगडच पाहतात.

ही परदेशची कथा धाराशिव जिल्ह्यात कशासाठी सांगायची, असे कोणी विचारील. दगड कोसळतो म्हणजे काय होते, हे या जिल्ह्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास झालेल्या किल्लारीच्या भूकंपाने लातूर जिल्ह्याबरोबर आपल्याकडील उमरगा, लोहारा, सास्तूर हा भागही उद्ध्वस्त केला. हजारो माणसे झोपेतच गेली. पुढे ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन करावे लागले. किल्लारीचा परिसर त्या वेळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जात होता. माणसे गाडली गेली ती स्वतःच्याच घरांखाली. भिंती हात-दोन हात रुंद होत्या. परंतु दगड चिखलात बसविलेले, आतल्या व बाहेरच्या थरांना जोडणारा आरपार दगड नाही, आणि वर मातीच्या माळवदाचा प्रचंड भार. जाडी म्हणजे मजबुती नव्हे, मजबुती सांध्यात असते, हा धडा या मातीने फार मोठी किंमत देऊन घेतला.

तोच धडा दफनभूमीत लागू पडतो. आपल्याकडील बरीचशी जमीन काळी आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. उथळ पायावरील ओटा दरवर्षी या फुगण्या-आकसण्याबरोबर थोडा हलतो आणि कालांतराने कलतो. त्यावर ग्रॅनाइटची उंच, सडपातळ पाटी केवळ सिमेंटच्या रेघेवर उभी केलेली असली, आत पोलादी गज नसला, तर सांधा हळूहळू सुटतो. पाटी मात्र वरून तकतकीत दिसत राहते. येथे सौंदर्यदृष्टीचाही प्रश्न आहे. या भागात केवळ ख्रिस्ती व मुसलमानच नव्हेत, तर लिंगायत बांधवही आपले मृत भूमीच्या स्वाधीन करतात. ठेंगणी कबर आणि बसका चौथरा ही या प्रदेशाची जुनी ओळखीची रूपे आहेत. जमिनीलगत विसावलेला दगड नम्र दिसतो आणि कोणाला इजाही करीत नाही. उंचीची हौस ही दिवंगताची नसते, मागे राहिलेल्यांची असते.

धर्मग्रंथाचा कौल याबाबत स्पष्ट आहे. शिलोहातील बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती काय, असा प्रश्न करून प्रभू येशूने त्याचे नकारार्थी उत्तर दिले, हे लूकच्या तेराव्या अध्यायात आपण वाचतो. १९९३ च्या मृतांविषयीही असलीच कठोर कुजबूज ज्यांच्या कानी आली असेल, त्यांनी हे वचन हृदयाशी धरावे. परंतु मृतांवरचा दोष दूर झाला म्हणजे जिवंतांवरची जबाबदारी दूर झाली असे नव्हे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला धाब्यास कठडा करण्याची आज्ञा आहे. अन्यथा पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येतो. कबर हे आपण बांधलेले शेवटचे घर होय. त्याला हा नियम लागू नाही, असे कसे म्हणावे?

व्यवहारातही जबाबदारी ठरलेली आहे. प्रेतांच्या विल्हेवाटीच्या जागा राखणे हे नगरपरिषदेचे आवश्यक कर्तव्य म्हणून १९६५ च्या अधिनियमात नमूद आहे. १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्यातील १२४३ वे कलम दफनभूमीचे पावित्र्य जपण्यासाठी स्थानिक नियम करण्यास सांगते. आमची सूचना एवढीच, की प्रत्येक धर्मग्रामाने २ नोव्हेंबरच्या मृतात्म्यांच्या दिनापूर्वी, पावसाळा सरताच, जाणत्या गवंड्यासह एकदा दफनभूमीतून फिरावे. कललेले दगड, सुटलेले सांधे, खचलेले ओटे यांची वही ठेवावी. संशय आला तर मुलांना दूर ठेवून, बाजूला उभे राहून दगड हलक्या हाताने दाबून पाहावा. हलणाऱ्या दगडाभोवती दोरी बांधावी आणि प्रथम कुटुंबास कळवावे. धोका तत्काळ असेल तरच दगड आडवा करावा, तोही नाव आकाशाकडे ठेवून. ज्या घरी दुरुस्तीचे पैसे नाहीत, त्यांचा खर्च धर्मग्रामाने उचलावा; गरिबाचा दगड गरिबीमुळे आडवा पडून राहू नये. नवी समाधी बांधताना पाया काळ्या मातीखालच्या घट्ट मुरुमापर्यंत न्यावा व पाटी गजाने ओट्यास जखडावी.

दगडाला हात लावणे ही मृतांची विटंबना होय, असे काहींना वाटेल. त्या भावनेचा आम्ही आदर करतो. पण तिच्याशी सहमत होऊ शकत नाही. याकोबाने राहेलच्या कबरेवर स्तंभ उभारला तो तिची आठवण राहावी म्हणून. तिचा पुनरुत्थानाचा वाटा त्या स्तंभावर अवलंबून नव्हता. १९९३ साली कितीतरी मृतांवर सामुदायिक अंत्यसंस्कार झाले, त्यांच्या वाट्याला वेगळा दगड आला नाही. तरीही दर ३० सप्टेंबरला त्यांची नावे घरोघरी आठवली जातात. स्मृती दगडाविना टिकू शकते. दगड उभारायचाच असेल, तर त्याने साक्ष द्यावी, भार होऊ नये. ज्या स्मारकाखालून मूल निर्धास्तपणे जाऊ शकते, तेच स्मारक आम्ही उत्तम मानू.